बुडालेल्या बोटींची पुस्तकं सुचवा (लाटांची वर्णनं नकोत)

मृगधारा:

पावसाळा सुरू झाला की मला बुडालेल्या बोटींबद्दल वाचायची तलफ येते. घरचे म्हणतात, बाई गं, दुसरं काही वाच. टायटॅनिकवरचं वॉल्टर लॉर्डचं १९५५ चं 'अ नाइट टू रिमेंबर' कॉलेजात असताना वाचलं, ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. मग आल्फ्रेड लान्सिंगचं 'एंड्युरन्स'. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर बोट बर्फात चिरडली तरी शॅकल्टनची २८ च्या २८ माणसं जिवंत परत आली, तेही एका बैठकीत संपवलं.

त्यानंतर मात्र हाताला लागतं ते सगळं एकाच साच्यातलं. सुरुवातीला आकाश भरून येतं, मधली दीडशे पानं लाटा, शेवटी हेलिकॉप्टर. लाट किती मजली होती हे आता मला परत ऐकायचं नाही. मला कळून घ्यायचंय की बोट मुळात तिथे गेलीच का. जायचं कोणी ठरवलं, नको कोण म्हणालं, आणि माहीत असून गप्प कोण बसलं? मी ऑडिटमध्ये नोकरी करते, त्याचा परिणाम असेल.

अटी थोड्याच आहेत. सत्यकथा हव्यात, इंग्रजी चालेल. कादंबरी असेल तर तिच्यामागे खरी घटना असावी. माणसांनी माणसं खाल्ल्याची प्रकरणं असतील तर आधी सांगा, मी डबा खाताना वाचते. आपल्या किनाऱ्यावरचं काही असेल तर फारच छान.

घाटकोपरकर:

वादळ नको असं लिहिलंय ते वाचलं, तरीही सेबॅस्टियन युंगरचं 'द परफेक्ट स्टॉर्म' सुचवतो. १९९१ च्या ऑक्टोबरात अँड्रिया गेल नावाची मासेमारी बोट सहा जणांसकट नाहीशी झाली, त्याची गोष्ट. लाटा आहेत, भरपूर आहेत, पण त्याच्या आधीचा भाग वाचा. ग्लॉस्टरमधली उधारी, मासळीचा भाव, हिस्सा कसा वाटतात, सगळं आहे. पैशाच्या ओढीनेच माणसं मोसम संपता संपता परत खोल पाण्यात जातात.

दुसरं नॅथॅनिएल फिलब्रिकचं 'इन द हार्ट ऑफ द सी'. १८२० साली एसेक्स या व्हेलशिकारी बोटीला व्हेलने धडक देऊन फोडली. डब्याच्या वेळी हे वाचू नका. एवढंच सांगतो.

आगवाला:

मृगधाराताई, प्रश्न आवडला म्हणून जरा लांब लिहितो. ज्यांना वेळ नाही त्यांनी खाली सरकावं.

मी बोटीवर इंजिनिअर होतो, आता रत्नागिरीत निवृत्त. बोटीवर असताना असली पुस्तकं वाचू नयेत असा एक अलिखित नियम आहे, तो कोणी पाळत नाही. आमच्या एका रेडिओ ऑफिसरच्या केबिनमध्ये तर फळीभर तीच होती. त्या फळीवर माझं एक मत तयार झालं आणि पुढे नोकरीत ते पक्कंच होत गेलं. बोट बहुतेक वेळा धक्क्याला बांधलेली असतानाच बुडालेली असते. वादळ येतं ते नुसतं सही करायला. म्हणून ज्या पुस्तकात बोट पहिल्या दहा पानांत बंदर सोडते ते मी ठेवून देतो.

तुमच्यासाठी पहिलं पुस्तक रेचल स्लेडचं 'इनटू द रेजिंग सी', २०१८ चं. एल फारो ही अमेरिकन मालवाहू बोट, १९७५ साली बांधलेली. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलहून पोर्तो रिकोतल्या सान हुआनला कंटेनर आणि गाड्या घेऊन जायची. १ ऑक्टोबर २०१५ ला बहामा बेटांजवळ वाकीन नावाच्या चक्रीवादळात ३३ जणांसकट गेली, एकही वाचला नाही. एरवी अशा बोटीबद्दल अंदाजच बांधायचे असतात. इथे मात्र ब्रिजवरचा, म्हणजे बोट चालवतात त्या वरच्या खोलीतला, आवाज टिपणारी पेटी पुढल्या वर्षी साडेचार किलोमीटरहून जास्त खोलीवरून वर काढली, आणि तिच्यात शेवटच्या २६ तासांचं बोलणं निघालं.

ते बोलणं तुमच्या कामाचं आहे. कॅप्टन हवामानाची माहिती ज्या सॉफ्टवेअरवरून घेत होता त्यात वादळाची जागा कित्येक तास जुनी असायची. नकाशा रंगीत, देखणा आणि शिळा. ब्रिजवर दुसऱ्या यंत्रावर ताजी बातमी येत होती. रात्री अकराच्या सुमारास थर्ड मेटने, म्हणजे पाळीवरच्या अधिकाऱ्याने, कॅप्टनला केबिनमध्ये फोन केला की आपण वादळाच्या फार जवळ चाललोय. मध्यरात्र उलटल्यावर सेकंड मेटने फोन करून दक्षिणेकडे वळून दुसऱ्या मार्गाने जाऊ असं सुचवलं. दोघांना उत्तर एकच, आहे त्या मार्गाने चला. दोघंही फोन ठेवून शेजारच्या सुकाणूवाल्याशी बोलतात, ते पेटीत आहे. कोणी आरडाओरडा करत नाही. बोटीवर काम केलेल्या माणसाला हे बोलणं ओळखीचं वाटतं, आणि म्हणूनच वाचवत नाही.

आता माझ्या खात्यातली गोष्ट. स्लेडबाईंनी ती नीट सांगितली आहे, पण मी माझ्या पद्धतीने सांगतो. टर्बाइन आणि गिअरला सतत वंगणाचं तेल लागतं. ते फिरून खाली सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या टाकीत जमतं आणि पंप ते पुन्हा वर ओढतो. एल फारोच्या सम्पमध्ये ओढणाऱ्या नळीचं तोंड बरोबर मधे नव्हतं, मध्यरेषेच्या उजव्या अंगाला होतं. शिवाय तेलाची पातळी ठेवायला हवी त्यापेक्षा कमी होती. पहाटे वाऱ्याच्या रेट्याने बोट उजवीकडे कललेली. तिथेच डेकवरचं एक स्कटल, माणूस उतरेल एवढं भोक आणि त्याचं झाकण, उघडं राहिलेलं, त्यातून तीन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे मालाच्या कोठारात, पाणी जातंय. झाकण लावायला माणसाला तिथवर पोचता यावं म्हणून कॅप्टनने बोट वळवून वारा दुसऱ्या अंगाला घेतला. बोट डावीकडे कलली. तेलही डावीकडे धावलं. नळीचं तोंड उघडं पडलं, पंपाने हवा ओढली, दाब पडला, टर्बाइन थांबली.

ब्रिजवरून पाहिलं तर कॅप्टनने योग्य तेच केलं होतं. एवढ्या कलात तेल सुटेल हे कंपनीने कुठे लिहून दिलेलं नव्हतं. मी थर्ड इंजिनिअर असताना एका म्हाताऱ्या चीफ इंजिनिअरने मला सम्पचं ड्रॉइंग उघडायला लावून त्या नळीचं तोंड इंजिन रूमच्या प्लेटवर खडूने काढायला लावलं होतं. त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. एल फारोचा अहवाल वाचताना तो चीफ फार आठवला.

आणखी एक, खास ऑडिटवाल्यांसाठी. २०१५ साली या बोटीवर उघड्या लाइफबोटी होत्या. आजकाल सगळीकडे बंद टपाच्या असतात. पण बोट जुनी, म्हणून नियमही जुना लागू. कागदावर सगळं ठीक. टायटॅनिकचं तरी काय? २० होड्या, जागा ११७८ जणांना, बोटीवर माणसं २२०० च्या वर. तरीही कायद्याला हव्या होत्या त्याहून होड्या जास्तच होत्या, कारण कायद्याचा तक्ता दहा हजार टनांपाशी संपत होता आणि टायटॅनिक ४६ हजारांची. तुमच्या भाषेत, एकही शेरा नाही.

दुसरं पुस्तक निकोलेट जोन्सचं 'द प्लिमसॉल सेन्सेशन', २००६ चं. यात एकही थरारक प्रसंग नाही आणि मी ते दोनदा वाचलंय. बोटीच्या अंगावर मध्यभागी एक गोल आणि त्यातून गेलेली आडवी रेघ दिसते ना, बाजूला छोट्या रेघा? ती लोड लाइन. उन्हाळ्यात कुठवर बुडवायची, हिवाळ्यात कुठवर, गोड्या पाण्यात किती, उष्ण समुद्रात किती, ते त्या रेघा सांगतात. सॅम्युअल प्लिमसॉल हा कोळशाचा व्यापारी, डर्बीचा खासदार, दर्यावर्दी मुळीच नव्हे. जुनाट बोटी वाटेल तेवढा माल भरून, जबर विमा उतरवून पाठवायच्या, बुडाली तरी मालकाचं काही जात नाही. अशा बोटींना लोक शवपेट्याच म्हणत. त्याने १८७३ साली त्यावर पुस्तक छापलं, आणि १८७५ साली विधेयक मागे पडतंय म्हटल्यावर भर पार्लमेंटात मूठ उगारून बोटमालक सदस्यांना बदमाश म्हणाला. १८७६ ला रेघ सक्तीची झाली. पण कुठे मारायची ते मालकाच्या मर्जीवर! कार्डिफच्या एका कॅप्टनने ती धुराड्यावर मारली असं सांगतात. जागा कायद्याने ठरायला १८९० उजाडावं लागलं. चौदा वर्षं बोटींच्या अंगावर रेघ होती आणि तिला अर्थ नव्हता. ताई, हे प्रकरण तुम्हाला आवडेल.

तिसरी गोष्ट पुस्तकाची नाही, अहवालाची. डर्बीशायर ही ब्रिटनने आजवर गमावलेली सगळ्यात मोठी बोट. १९८० च्या सप्टेंबरात जपानच्या दक्षिणेला टायफूनमध्ये ४४ जणांसकट गेली, त्यात दोघी खलाशांच्या बायका. धोक्याचा संदेशसुद्धा आला नाही. कुटुंबं वर्षानुवर्षं भांडली, १९९४ साली वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पैशाने शोध घेतला तेव्हा चार किलोमीटर खोल तुकडे सापडले. मग तपास करणारे म्हणाले, पुढच्या स्टोअरचं झाकण खलाशांनी नीट आवळलं नव्हतं. मेलेल्या माणसांवर ठपका. शेवटी २००० साली फेरचौकशीत ते खोडलं गेलं. पुढच्या डेकवरचे हवेचे नळ लाटांनी तुटले, तिथून पाणी शिरून नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, हळूहळू खाली गेली, आणि पहिल्या हॅचच्या, म्हणजे माल उतरवायच्या तोंडाच्या, झाकणाला तो भार सोसला नाही. मालवाहू बोटींच्या हॅच कव्हरचे नियम त्यानंतर कडक झाले. आम्ही तेव्हा बोटीवर कुरकुरलो, की वाढलं काम.

मिठागर:

आगवालाकाका, मान गये! वाचनखूण साठवली आहे.

आपल्या किनाऱ्यावरचं विचारलंय आणि अजून कोणी रामदास बोटीचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. आम्ही रेवसच्या अलीकडचे, आमच्याकडे गटारी म्हटली की जुन्या माणसांना अजून बोटच आठवते. १७ जुलै १९४७. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली, काशाच्या खडकाजवळ लाटेने कलली, लोक घाबरून एका बाजूला धावले आणि आणखी कलली. सहाशेहून जास्त माणसं गेली. मुंबईत कामाला असलेली, सणाला घरी निघालेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे बोट बुडाल्याचं मुंबईला कळायला दुपार झाली. आमच्या बाजूचे कोळी मासळी घेऊन मुंबईकडे चालले होते, त्यांनी टोपल्या बाजूला सारून जेवढे हाताला लागले तेवढे ओढून घेतले.

महिन्याभराने स्वातंत्र्य आलं आणि रामदास मागे पडली. त्याआधी १९२७ च्या नोव्हेंबरात जयंती आणि तुकाराम या दोन बोटी एकाच वादळात गेल्या, त्या तर आता आमच्याकडेही कोणाला आठवत नाहीत. रामदासवर मराठीत लेख येतात, जुलै महिना आला की दरवर्षी एखादा. पण त्यात बहुधा खडक, लाट आणि कोण कसा पोहत आला एवढंच. मृगधारा म्हणतेय तसं लिहिलेलं मला हवंय. कितीजण चढवले, भर आषाढात त्या दिवशी बोट सोडायचं कोणी ठरवलं, होड्या आणि जॅकेटं किती होती.

घाटकोपरकर:

हो की! आणि रामदासच्या आधी वीजळी. आमच्या सोसायटीतल्या कच्छी काकूंनी ते गाणं म्हणून दाखवलं होतं, 'हाजी कासम, तारी वीजळी'. बोटीचं खरं नाव वैतरणा. तिच्यावर विजेचे दिवे होते, ते त्या काळी अप्रूप, म्हणून लोकांनी वीजळी करून टाकलं. १८८८ च्या नोव्हेंबरात कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि काठेवाडच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. सातशेच्या वर माणसं. त्यात लग्नाची वऱ्हाडं होती आणि मुंबईला परीक्षा द्यायला निघालेली मुलंही. झवेरचंद मेघाणींनी गाणी गोळा केली, गुणवंतराय आचार्यांनी १९५४ साली त्याच नावाची गुजराती कादंबरी लिहिली. गाण्यात सगळा राग हाजी कासमवर आहे. काकू सांगत होत्या, तो बोट चालवणारा नव्हेच, बुकिंगवाला. तरी पिढ्यानपिढ्या शिव्या त्यालाच, बोटीच्या कंपनीचं नावसुद्धा गाण्यात नाही.

आगवाला:

घाटकोपरकर, बुकिंगवाल्यावरून आठवलं, याचाच भाऊ शोभेल असा किस्सा आमच्या लोकांचा आहे.

मे १९२२. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची इजिप्त नावाची बोट लंडनहून मुंबईला निघाली. दुसऱ्याच दिवशी फ्रान्सच्या उशां बेटाजवळ धुक्यात सेन नावाच्या फ्रेंच मालवाहू बोटीने तिला कुशीत धडक दिली. सेनची नाळ बर्फ फोडायला मजबूत केलेली. इजिप्त वीस मिनिटांत गेली, ऐंशीहून जास्त माणसं मेली, त्यात बहुतेक खलाशी. आणि विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी काय ओरड केली? लस्कर, म्हणजे बोटीवरचे हिंदी खलाशी, घाबरले, लस्करांनी होड्या पळवल्या. पी अँड ओच्या बोटींवर त्या काळी इंजिनात पठाण-पंजाबी, डेकवर आपल्या रत्नागिरी-कोकणचे आणि गुजरातकडचे मुसलमान खलाशी, जेवणघरात गोव्याचे बटलर. चौकशी झाली तेव्हा कॅप्टन दोषी निघाला, होड्यांची तालीम धड घेतलेलीच नव्हती. ते छापून आलं, पण आधीची ओरड झाली तेवढ्या जोरात नाही.

आता पुस्तक. बोटीवर दहा लाख पौंडांहून जास्त किमतीचं सोनं-चांदी होतं, मुंबईलाच यायचं होतं. ते काढायला सोरिमा नावाची इटालियन कंपनी उतरली आणि लंडनच्या टाइम्सचा डेव्हिड स्कॉट तिच्या बोटीवर राहून बातम्या लिहीत होता. त्याची दोन पुस्तकं, 'सेव्हन्टी फॅदम्स डीप' आणि १९३२ चं 'द इजिप्ट्स गोल्ड'. जुन्या बाजारात मिळाली तर सोडू नका. सव्वाशे मीटर खोल, तिथे पाणबुड्या नेहमीच्या पोशाखात काम करू शकत नाही. मग एका पोलादी कोशात माणूस बसवून खाली सोडायचा, आत साधी हवा, बघायला काचा, कानाला टेलिफोन. तो खालून सांगणार, दोन फूट डावीकडे, आता सोडा. वर क्रेनवाला आंधळेपणाने तसा पंजा हलवणार. एकावर एक डेक असे वेचून फाडले. मधे १९३० च्या डिसेंबरात त्यांची स्वतःची बोट आर्टिग्लिओ एका दुसऱ्या बुडालेल्या दारूगोळ्याच्या बोटीला सुरुंग लावताना उडाली, त्यांचे सगळ्यात जाणते पाणबुडे त्यात गेले. कंपनीने दुसरी बोट आणली, नाव तेच ठेवलं, १९३२ च्या जूनमध्ये पहिल्या विटा वर आल्या. इंजिनिअर म्हणून हे वाचताना मी हरखून जातो. पण पुस्तकाचा जीव सोन्यात अडकलेला आहे. बुडालेला आगवाला, भट्टीत कोळसा टाकणारा, कुठल्या गावचा होता हे शोधायला कोणी कोश खाली सोडला नाही.

मडगांवकार:

सगळे इंग्रजांपासूनच सुरुवात करतायत म्हणून हात वर करतो. आमच्याकडे हे वाङ्मय त्याच्या फार आधीचं आहे. गोवा-कोचीनहून लिस्बनला मिरी घेऊन जाणारी पोर्तुगीज जहाजं इतकी बुडायची की त्यांच्या हकीकतींच्या स्वस्त चोपड्या लिस्बनमध्ये विकल्या जायच्या. त्यातल्या बारा निवडून बेर्नार्दु गोमिश द ब्रितु यांनी १७३५-३६ साली दोन खंड छापले, 'इश्तोरिया त्राजिकु-मारितिमा'. इंग्रजीत बॉक्सर या ब्रिटिश इतिहासकाराने काही हकीकती आणल्या. २००१ ची आवृत्ती बघा, तीत सांव जुआंवची हकीकतही आहे.

ती सगळ्यात प्रसिद्ध. सांव जुआंव १५५२ च्या फेब्रुवारीत कोचीनहून सुटलं, म्हणजे उशिरा, कारण मलबारात लढाई आणि मिरी वेळेवर मिळेना. आणि रिकामं कोण जाणार? शिडं जुनी, फाटकी, वाटेत ती उतरवून शिवायची. केप ऑफ गुड होपपाशी ऐन हिवाळ्यात पोचलं, जूनमध्ये नातालच्या किनाऱ्यावर फुटलं. शेकडो माणसं जिवंत उतरली आणि मोझांबिककडे चालत निघाली. शेवटी पंचवीसेक उरली, त्यात पोर्तुगीज आठ, बाकी गुलाम. कप्तान सोउझा सेपुल्व्हेदाची बायको दोना लियोनोर आणि मुलं वाटेत गेली. कामोंइशने आपल्या महाकाव्यात तिच्यावर ओळी लिहिल्या, म्हणून पोर्तुगालात ही गोष्ट घरोघरी माहीत. गुलामांवर कोणी ओळ लिहिली नाही, हे आगवालाकाकांच्या मुद्द्याला जोडून.

पण मृगधारा, तुम्ही सांतु आल्बेर्तु वाचा, १५९३ चं. ती हकीकत राजाच्या भूगोलतज्ज्ञाने, लावान्यने, वाचलेल्यांच्या नोंदींवरून लिहिली. तो स्वच्छ सांगतो की ही जहाजं वादळाने बुडत नाहीत. दुरुस्ती पाण्यातच कलवून, वरवर करतात आणि माल बेसुमार भरतात. म्हणजे प्लिमसॉलच्या पावणेतीनशे वर्षं आधी. त्या जहाजावरचे लोक किनारा सोडून आतल्या बाजूने चालले, तांब्याच्या तुकड्यांवर गुरं विकत घेत गेले, आणि पुष्कळसे वाचले. चाळीस वर्षांपूर्वी सांव जुआंववाल्यांचं काय झालं ते त्यांना माहीत होतं.

मिठागर:

म्हणजे मिरीवाले, कोळशावाले, कंटेनरवाले, सगळे एकाच माळेचे मणी.

कादंबरी चालत असेल तर कॉनराडची 'लॉर्ड जिम'. तिच्यामागे जेद्दा नावाच्या बोटीची खरी घटना आहे. १८८० साली हजला निघालेले साडेनऊशेच्या आसपास यात्रेकरू बोटीवर, पाणी शिरायला लागलं, आणि कॅप्टन, त्याची बायको, गोरे अधिकारी होडीत बसून पळाले. एडनला पोचून सांगितलं, बोट बुडाली, सगळे गेले. दुसऱ्या दिवशी जेद्दा दुसऱ्या बोटीच्या दोरखंडाने ओढली जात एडनात हजर, यात्रेकरू जिवंत! यात्रेकरूंनी स्वतः पाणी उपसत ठेवलं होतं. कादंबरी संथ आहे, निम्म्या वाटेत कंटाळा येईल, पण चौकशीचा भाग सोडू नका.

मराठीत बोटीवरचं जगणं वाचायचं तर अनंत सामंतांची 'एम टी आयवा मारू' आहेच, पण मृगधाराने ती वाचलेली असणार.

मृगधारा:

वाचलीय, दोनदा. :)

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आधी एल फारो मागवलंय, मग प्लिमसॉल. बॉक्सर आमच्या फोर्टमधल्या लायब्ररीत विचारते. काका, एक विचारू? ते २६ तासांचं बोलणं कुठे वाचायला मिळतं का? आणि तुम्ही खडूने काढलेली खूण, ती पुढे कधी उपयोगी पडली का?

आगवाला:

खूण उपयोगी पडली नाही, कारण तेवढा कल आमच्यावर कधी आला नाही. चीफ म्हणून गेलो तेव्हा मीही प्रत्येक थर्डला ती काढायला लावली. त्यांनी मला काय शिव्या घातल्या असतील त्याची मला कल्पना आहे.

बोलण्याचं लिखित रूप अमेरिकेच्या एनटीएसबीच्या, म्हणजे वाहतूक अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर फुकट आहे, पाचशेच्या आसपास पानं. सगळं वाचू नका. आधी रात्री अकरा ते दीडचा भाग वाचा, दोन्ही फोन त्यात येतात. मग पहाटे पाचपासून शेवटपर्यंत. शेवटची काही मिनिटं कॅप्टन आणि सुकाणूवाला दोघंच ब्रिजवर आहेत, डेक इतकं तिरपं की सुकाणूवाल्याला वर चढवत नाही, आणि कॅप्टन त्याला सोडून जात नाही. रात्रभर ज्याच्यावर मी चिडलो होतो तोच हा माणूस. स्लेडचं पुस्तक त्यानंतर उघडा, आधी नाही, म्हणजे कोणाबद्दल काय मत करायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. आणि ऑफिसच्या प्रिंटरवर छापू नका, ऑडिटवाल्यांनाच पकडतील.